घरच्या ओव्हनमधले ग्लेझ्ड डोनट: प्रमाण, कृती आणि पाकिटावर काय वाचायचं

मुलं डोनट मागतात. दुकानातला डोनट हातात घेताना आपल्याकडच्या आई-वडिलांच्या मनात हमखास दोन प्रश्न येतात. यात नेमकं काय घातलंय? आणि तो कोणत्या तेलात तळलाय? दुकानदाराला विचारलं तर बरेचदा त्यालाही सांगता येत नाही, कारण तयार पीठ आणि तयार ग्लेझ त्याच्याकडे बाहेरून आलेलं असतं. घरी केलेल्या डोनटमध्ये हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत. तेलाची कढई लागत नाही आणि प्रत्येक घटक आपण स्वतः मोजून घातलेला असतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या वाचकांना डोळ्यासमोर ठेवून आम्ही ही माहिती एकत्र दिली आहे. इथला उन्हाळा, इथला पावसाळा आणि मध्येच जाणारी वीज यांचा विचार करूनच प्रमाण आणि वेळा सांगितल्या आहेत. कृती बिनअंड्याची आहे. अंडं हलालच आहे, प्रश्न तो नाही. पण आपल्या इमारतीत सिंधी, जैन, मराठी असे सगळेच राहतात. ईदचा डबा शेजारी द्यायचा तर तो शाकाहारी घरातही बिनधास्त उघडला जावा, एवढाच हेतू.

डोनट आला कुठून?

गोड पीठ तळून पाकात बुडवणं आपल्याला नवीन नाही. बगदादमध्ये १२२६ साली लिहिल्या गेलेल्या अल-बगदादी यांच्या पाककृतींच्या ग्रंथात ‘लुकमत अल-काजी’ हा तळून पाकात टाकलेल्या गोळ्यांचा पदार्थ आहे. आज अरब देशांत इफ्तारला मिळणारे लुकैमात आणि तुर्कस्तानातला लोकमा ही त्याचीच भावंडं. आपल्या घरातले गुलगुले याच जातीचे म्हणता येतील.

मधे भोक असलेला डोनट मात्र अमेरिकेचा. हॅन्सन ग्रेगरी नावाच्या खलाशाने १८४७ मध्ये हे भोक आपणच पहिल्यांदा पाडलं, असा दावा पुढे केला होता. मधला भाग कच्चा राहू नये हा भोकाचा उपयोग. १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अॅडॉल्फ लेविट यांनी डोनट करणारं यंत्र आणलं आणि हा पदार्थ रस्तोरस्ती पोहोचला. भारतात मोठ्या साखळी दुकानांनी २००८ नंतर त्याला घराघरांत ओळख दिली. डंकिन डोनट्स २०१२ मध्ये इथे आलं.

ओव्हनमध्ये भाजलेला डोनट चवीला तळलेल्यासारखाच लागेल, अशी अपेक्षा ठेवू नका. तो थोडा मस्का-बनच्या जवळ जातो. आतून मऊ, बाहेरून बटरचा हात आणि वर साखरेचा पातळ, चकचकीत थर. मस्का-पाववर वाढलेल्या माणसाला तो आवडतोच.

पाकिटावर काय वाचायचं?

घरी करतो म्हणजे सगळं आपोआप शंकारहित झालं, असं नाही. सामान बाजारातूनच येतं. म्हणून आधी हे पाहून घ्या.

*हिरवी खूण:* भारतात पाकीटबंद पदार्थावर चौकोनात हिरवा गोल असेल तर त्यात प्राण्याच्या शरीराचा कुठलाही भाग नाही, असा त्याचा अर्थ. दूध चालतं. मांसाहारी पदार्थांसाठी आता तपकिरी त्रिकोण असतो. हिरवी खूण आपलं मोठं काम हलकं करते, पण ती अल्कोहोलबद्दल काहीच सांगत नाही. ते घटकांच्या यादीतच पाहावं लागतं.

*आयएनएस ४७१:* ब्रेड, मार्जरिन, केक प्रीमिक्स यात हा इमल्सिफायर असतो. तो वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. हिरवी खूण असलेल्या पाकिटात तो वनस्पतीचा असतो. परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या पाकिटावर ही खूण नसते, तिथे नीट वाचावं.

*जिलेटिन:* मार्शमॅलो, काही जेली आणि भरण्याचं क्रीम यात सापडतं. हे प्राण्याच्या हाडांपासून आणि कातडीपासून होतं. डुकराचं असेल तर प्रश्नच मिटला, आणि गाय-म्हशीचं असेल तरी जिबह कसा झाला हे कळत नाही. आमच्या कृतीत त्याची गरजच नाही.

*आयएनएस ९२० (एल-सिस्टीन):* कारखान्यात पीठ लवकर लवचीक व्हावं म्हणून वापरतात. पिसांपासून, केसांपासून किंवा किण्वनाने तयार होतं. घरी दहा मिनिटं हाताने मळलं की याचं काम आपला हातच करतो.

*आयएनएस १२० आणि ९०४:* पहिला कीटकापासून मिळणारा लाल रंग, दुसरा लाखेपासूनची चकाकी. रंगीत दाणे आणि सजावटीच्या गोळ्यांमध्ये हे असू शकतात. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. आपण ज्या आलिमांचा सल्ला घेता त्यांना विचारा, नाहीतर वर बदाम-पिस्त्याचे काप घाला आणि मोकळे व्हा.

*व्हॅनिला:* खऱ्या व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. बाजारातल्या कृत्रिम इसेन्समध्ये बरेचदा प्रोपिलीन ग्लायकॉल हे द्रावक असतं. बाटली फिरवून घटक वाचा. शंका वाटली तर वेलचीपूड घाला. वेलची घातलेला डोनट इथल्या जिभेला जास्तच आवडतो.

*यीस्ट:* काही वाचक विचारतात, खमीर उठताना अल्कोहोल होतं ना? यीस्ट पिठातली साखर खातं तेव्हा वायू आणि अगदी थोडं अल्कोहोल तयार होतं. भाजताना ते बहुतेक उडून जातं. पाव, नान, खमिरी रोटी सगळीकडे हेच घडतं आणि ते आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत.

*चरबी:* शक्यतो बटर किंवा साजूक तूप घ्या. जानेवारी २०२२ पासून देशात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी सुटं, लेबल नसलेलं मार्जरिन घेऊ नका. त्यात काय आहे हे सांगायला कुणीच नसतं.

साहित्य (साधारण १२ डोनट)

- मैदा ४०० ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (सव्वादोन छोटे चमचे)
- साखर ६० ग्रॅम
- मीठ १ छोटा चमचा
- दूध २४० मिली
- घट्ट दही २ मोठे चमचे
- बटर ६० ग्रॅम, मऊ केलेलं
- दूध पावडर २ मोठे चमचे
- वेलचीपूड अर्धा छोटा चमचा

वरच्या ग्लेझसाठी: पिठीसाखर २०० ग्रॅम, दूध ३ मोठे चमचे, वितळलेलं बटर १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा व्हॅनिला. भाजल्यावर लावायला आणखी ३० ग्रॅम बटर.

शक्य असेल तर वजनकाटा वापरा. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सहज ३०-४० ग्रॅम जास्त जातो आणि मग डोनट कडक होतात.

कृती

१. आधी खळ करून घ्या. ४०० ग्रॅम मैद्यातला २५ ग्रॅम मैदा आणि दुधातलं १२० मिली दूध एकत्र करून मंद आचेवर हलवत राहा. लापशीसारखं घट्ट झालं की उतरवून गार करा. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो. भाजलेला डोनट संध्याकाळपर्यंत वाळतो ही त्याची खोड आहे, ती या खळीने बरीच जाते. ही पायरी टाळू नका.

२. परातीत उरलेला मैदा, साखर, दूध पावडर, मीठ, यीस्ट आणि वेलची मिसळा. खळ, दही आणि उरलेलं दूध घाला. दूध एकदम ओतू नका, दोन मोठे चमचे मागे ठेवा. पावसाळ्यात मैदा आधीच ओलसर असतो, तेव्हा कमी लागतं.

३. पाच मिनिटं मळा, मग मऊ बटर थोडं थोडं घालत आणखी सात-आठ मिनिटं मळा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल. वरून मैदा टाकायचा मोह आवरा, हाताला किंचित तेल लावा. छोटा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला की मळणं पुरे.

४. गोळा तेल लावलेल्या भांड्यात झाकून ठेवा. दुप्पट होऊ द्या. किती वेळ लागेल ते ऋतूवर आहे, पुढे सांगतो.

५. हलक्या हाताने हवा काढा. पोळपाटावर किंवा ओट्यावर साधारण सव्वा सेंटीमीटर जाड लाटा. साडेसात सेंटीमीटर तोंडाच्या स्टीलच्या पेल्याने गोल कापा. मधलं भोक बाटलीच्या झाकणाने, तीन सेंटीमीटरचं करा. ओव्हनमध्ये डोनट फुगतो आणि लहान भोक बुजून जातं. कापताना पेला फिरवू नका, सरळ दाबून उचला.

६. प्रत्येक डोनट बटर पेपरच्या छोट्या चौकोनावर ठेवा. फुगलेला डोनट बोटांनी उचलला तर बसतो, कागदासकट उचलला तर बसत नाही. झाकून दुसऱ्यांदा फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू वर आला की तयार.

७. ओटीजी वरच्या-खालच्या दोन्ही रॉडवर १८० अंशाला १५ मिनिटं आधी तापवा. डोनटला दुधाचा हात लावून मधल्या जाळीवर १० ते १२ मिनिटं भाजा. रंग फिकट सोनेरी हवा. गडद रंगाची वाट पाहिलीत तर डोनटचा टोस्ट होईल. वरून लवकर लाल होत असेल तर फॉइल झाका.

८. बाहेर काढताच लगेच वितळलेलं बटर लावा.

९. ग्लेझचं साहित्य गुठळी न ठेवता फेटा. चमच्यावरून जाड धारेने पडलं पाहिजे. डोनट कोमट असताना एक बाजू बुडवा आणि जाळीवर ठेवा. फार गरम असेल तर ग्लेझ वितळून खाली गळतं, पूर्ण गार झाला तर जाड थर बसतो.

मधून कापलेले छोटे गोळे फेकू नका. तेही सात-आठ मिनिटांत भाजून होतात आणि मुलं आधी तेच संपवतात.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शन आहे का पाहा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये डोनट भाजला जात नाही, रबरासारखा होतो.

आपल्या हवेचा हिशेब

पुस्तकातल्या कृती थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी असतात. बदलापूर-अंबरनाथला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी कोमट दूध घातलं तर पीठ डोळ्यांदेखत फुगतं, आंबूस वास येतो आणि डोनट भाजताना खाली बसतो.

*उन्हाळा:* दूध फ्रिजमधलं थंड घ्या. इन्स्टंट यीस्टला कोमट दुधाची गरज नसते. पहिली फुगवणी ४०-४५ मिनिटांत होते, दुसरी २०-२५ मिनिटांत. २५ ते ३० लिटरच्या ओटीजीत एका वेळी सहाच डोनट मावतात. म्हणून पहिला ट्रे भाजत असताना दुसरा ट्रे फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर तो जास्त फुगून जाईल.

*पावसाळा:* उल्हास नदीच्या या खोऱ्यात पावसाचे चार महिने हवा ओली असते. साखर हवेतलं पाणी ओढते आणि दोन तासांत ग्लेझला पाझर फुटतो. उपाय तीन: ग्लेझ थोडं घट्ट ठेवा, घरी दळलेल्या पिठीसाखरेत १०० ग्रॅमला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोर मिसळा, आणि खायच्या अर्धा तास आधीच ग्लेझ लावा. ग्लेझ लावलेले डोनट फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि सगळं चिकट होतं.

*थंडी:* बदलापूरला मुंबईपेक्षा गारवा जास्त. डिसेंबर-जानेवारीत दूध कोमट घ्या. पहिल्या फुगवणीला दीड ते दोन तास द्या. बंद ओटीजीत गरम पाण्याची वाटी ठेवून शेजारी भांडं ठेवलं तरी चालतं.

*वीज:* देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला आहे का, ते पाहून पीठ भिजवा. फुगवताना वीज गेली तर भांडं फ्रिजमध्ये सरकवा. दार उघडलं नाही तर फ्रिज काही तास थंड राहतो आणि पीठ थांबून राहतं. भाजायच्या वेळीच गेली तर जाड बुडाची कढई, आत स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मंद आचेवर १५-१८ मिनिटं भाजा. वरून रंग येणार नाही, पण ग्लेझखाली ते दिसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर १५०० वॉटचा ओटीजी तापवण्यापासून दोन ट्रे भाजेपर्यंत ४० मिनिटं चालला, तर फार तर एक युनिट वीज लागते.

रमजान आणि ईदचं वेळापत्रक

रोज्यात दुपारी पीठ मळत बसणं जड जातं. त्यासाठी सोपा मार्ग असा: तरावीहनंतर पीठ मळा, अर्धा तास बाहेर ठेवा आणि झाकून फ्रिजमध्ये टाका. रात्रभर ते हळूहळू फुगतं आणि चवही चांगली येते. दुसऱ्या दिवशी असरनंतर काढून लाटा, कापा, फुगू द्या. इफ्तारच्या थोडं आधी भाजले की दस्तरख्वानावर कोमट डोनट येतात. रोज्यात चव घेऊन पाहता येत नाही, म्हणूनही मोजूनमापून करणं बरं.

ईदसाठी चाँदरातीला पीठ फ्रिजमध्ये ठेवा. फजरनंतर लाटलं की नमाजहून मंडळी परतेपर्यंत शिरखुर्म्याशेजारी ताट तयार असतं.

जास्त डोनट हवे असतील तर जुनी पद्धत आठवा. मुंबई-पुण्यातल्या अनेक मोहल्ल्यांत ईदआधी घरी नानकटाईचं पीठ मळून बेकरीत नेलं जायचं, तिथल्या पत्र्याच्या ट्रेवर थापायचं आणि भट्टीत भाजून डबे भरून आणायचे. काही ठिकाणी आजही हे चालतं. ओळखीच्या बेकरीवाल्या चाचांना विचारा. पाव निघाल्यावर भट्टी जरा उतरते, तेव्हाची ऊब डोनटला योग्य.

विकायचे असतील तर

या तिन्ही शहरांत घरून केक, बिर्याणी, समोसे करून संसाराला हातभार लावणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत. डोनटलाही गिऱ्हाईक आहे. पण घरून विकलं तरी खाद्यपदार्थाच्या धंद्याला एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या घरगुती कामाला मोठा परवाना नको, मूलभूत नोंदणी पुरते. ती फोस्कोस या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते. एजंटला हजारो रुपये देण्याआधी पोर्टलवरचं शुल्क स्वतः पाहा. मिळणारा १४ अंकी क्रमांक डब्यावर छापायचा असतो.

डब्यावर पदार्थाचं नाव, सगळे घटक, हिरवी खूण, केल्याची आणि कधीपर्यंत खायची ती तारीख लिहा. गहू आणि दूध आहे हे ठळक लिहा, कारण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. भाजलेले डोनट त्याच दिवशी उत्तम, दुसऱ्या दिवशी गरम करून ठीक. तिसऱ्या दिवशी विकू नका.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्रमाणपत्र घेतलेलं नसेल तर डब्यावर ‘हलाल प्रमाणित’ असं छापू नका. त्याऐवजी काय काय घातलं आहे ते पूर्ण लिहा आणि विचारलं तर पाकीट दाखवा. शेजारच्या बाईने आपल्या मुलांसाठी तुमच्याकडून डोनट घेतला तो तुमच्या शब्दावर. तो शब्द खरा असला की वेगळी जाहिरात लागत नाही.

नेहमीच्या तक्रारी

*डोनट कडक झाले:* मैदा जास्त पडला किंवा जास्त वेळ भाजले.

*फुगलेच नाहीत:* यीस्ट जुनं, किंवा दूध फार गरम. बोटाला चटका बसेल असं दूध यीस्टला मारतं. पाकीट उघडल्यावर यीस्ट बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

*वर सुरकुत्या पडल्या:* दुसरी फुगवणी जास्त झाली.

*तळाला करपले, वर कच्चे:* ट्रे खालच्या रॉडच्या फार जवळ होता.

आणि साखर?

तळण टळलं म्हणजे डोनट पथ्याचा झाला, असं कुणी समजू नये. वरच्या प्रमाणात एका डोनटमधून १५ ते २० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला वरून घातलेली साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवणं चांगलं मानते. घरात मधुमेहाचं कुणी असेल तर काही डोनट ग्लेझशिवाय, फक्त बटर लावून ठेवा. चहाबरोबर तेही छान लागतात, मात्र मैदा त्यातही आहे हे लक्षात असू द्या.

पहिल्यांदा करताना निम्म्या प्रमाणात करून पाहा. तुमचा ओटीजी किती तापतो आणि तुमच्या स्वयंपाकघरात पीठ किती वेळात फुगतं, ते एका कागदावर लिहून फ्रिजला लावा. दुसऱ्या खेपेला तोच कागद कामी येतो.